कुरडईचं वजन किती?

गेल्या वैशाखातली गोष्ट. अमरावतीच्या राजापेठ भागातल्या एका घरात आम्ही चौघं एका पुठ्ठ्याच्या खोक्याभोवती बसलो होतो. खोक्यात एक किलो कुरडया, मोडू नयेत म्हणून चारी बाजूंनी कागदाचे बोळे. घरचे वाळवणाचे पदार्थ विकणाऱ्या काकूंनी खोकं काट्यावर ठेवलं. भरलं १ किलो ४०० ग्रॅम. कुरिअरच्या मुलानं खिशातून टेप काढला, ४० बाय ३० बाय २५ सेंटीमीटर अशी मापं घेतली, मोबाइलवर गुणाकार केला, आलेल्या ३०,००० ला ५,००० नं भागलं आणि म्हणाला, "सहा किलो."

"सहा किलो? काहून?" काकू उसळल्याच. "काटा दिसून नाही राह्यला का तुले?"

पोरगं खोटं बोलत नव्हतं. हलका पण जागा खाणारा माल गाडीत जेवढी जागा अडवतो, त्याचे पैसे कुरिअरवाले लावतात. याला आकारमानी वजन म्हणायचं. काटा आणि टेप यांत जे जास्त भरेल, त्याचं बिल होतं. काकूंच्या भाच्यानं बनवलेल्या वेबसाइटनं मात्र पुण्याच्या गिऱ्हाइकाकडून दीड किलोचंच भाडं घेतलं होतं. वरचं सगळं काकूंच्या पदरचं. कुरडयांत सुटलेला नफा टेपनं खाल्ला, आणि वर थोडं मुद्दलही.

मी हिशोब लिहिणारा माणूस. अमरावती आणि अकोल्याच्या लहान दुकानदारांची जीएसटीची विवरणपत्रं भरतो. गेल्या काही वर्षांत दर महिन्याला कोणीतरी विचारतंच, "भाऊ, ऑनलाइन दुकान टाकायचं हाय. कोन्तं सॉफ्टवेअर घेऊ?" आधी मी नावं सांगायचो. आता उलट विचारतो, तुमच्या मालाचं वजन किती, तो किती जागा खातो, एकाच नगाचा आहे की हजार नगांचा, आणि बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? ही उत्तरं मिळाली की सॉफ्टवेअर जवळजवळ आपोआप ठरतं. ती नसली, तर कितीही महागाची कार्ट, म्हणजे ऑनलाइन दुकानाचं सॉफ्टवेअर, घ्या, गाडी घाटातच बंद पडणार.

कार्ट हा शब्दच आपल्या बाजारातला नाही. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा शहरात सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदारानं १९३७ साली चाकांची ढकलगाडी दुकानात आणली. गिऱ्हाईक सुरुवातीला तिला हात लावेना, म्हणून त्यानं पगारी माणसं गाड्या घेऊन दुकानात फिरवली. त्या गाडीमागची कल्पना अशी की गिऱ्हाईक मुकाट्यानं फिरेल, उचलेल, शेवटी पैसे देईल. आपल्याकडं कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक गादीवर बसतं आणि "दाखवा" म्हणतं. मग पन्नास साड्या उलगडतात, चहा येतो, "यातच जांभळा नाही का?" होतं. खरेदी म्हणजे बोलणं. वेबसाइटवरची कार्ट हे बोलणं बंद करते, आणि वऱ्हाडातल्या दुकानदाराची पहिली अडचण इथंच आहे, तंत्रज्ञानात नाही.

म्हणून या भागात ऑनलाइन विक्रीचं खरं पहिलं सॉफ्टवेअर व्हॉट्सअॅप ठरलं. आणि त्याच्याही आधीचं म्हणजे ट्रॅव्हल्स. लेकरू शिकायला किंवा नोकरीला पुण्याला गेलं की आई रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या क्लीनरकडं सांडगे, मुंगवड्या, जवसाची चटणी असं खोकं देते, वर मोबाइल नंबर लिहिते आणि पोराला सांगते, पहाटे वाकडला गाडी येईल, घेऊन जा. या खोक्यावर कुणी टेप लावत नाही. पोराच्या खोलीतले मित्र चाखतात, मग त्यांचीही मागणी येते, आणि बघता बघता त्या बाईचा धंदा उभा राहिलेला असतो. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपनं धंद्यासाठी वेगळं अॅप आणलं, नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यात कॅटलॉग आला, डिसेंबर २०२० मध्ये चक्क कार्टही आली. यूपीआय २०१६ पासून होतंच. फोटो, भाव, बोलणं, पैसे, सगळं एका खिडकीत. आणखी काय पाहिजे?

माझं मत स्पष्ट आहे. महिन्याला तीस-चाळीस ऑर्डरींच्या आत असाल तर वेबसाइट काढू नका. व्हॉट्सअॅपचा कॅटलॉग, दुकानाचा क्यूआर कोड आणि शंभर पानी वही पुरते. वहीत तारीख, नाव, पिनकोड, माल, पैसे आले का, पार्सल नंबर, एवढे सहा रकाने आखा. ज्या दिवशी वहीत चूक व्हायला लागेल, एकाच बाईला दोनदा पार्सल जाईल, पैसे आल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून कुणी माल नेईल, त्या दिवशी कार्टचा विचार करा. त्या वहीनंच तुम्हाला सांगितलेलं असेल की कार्टमध्ये काय पाहिजे. आधी वही आणि मग कार्ट, हा क्रम ज्यांनी उलटा केला त्यांनी पैसे घालवल्याचंच मी पाहिलं आहे.

दुसरी वाट परक्याच्या बाजारात जाऊन बसण्याची. अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो. इथं कार्ट निवडायचा प्रश्नच नाही, ती त्यांची असते. वऱ्हाडातल्या माणसाला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही, कारण तो अडतीत वाढलेला असतो. अडत्याच्या दारात माल टाकायचा, भाव बाजार ठरवणार, आणि हातात येणार हिशोबपट्टी, त्यात अडत, हमाली, तोलाई वजा केलेली. देशातली पहिली नियंत्रित बाजारपेठ १८८६ साली आपल्या कारंज्यात सुरू झाली आणि १८९७ मध्ये वऱ्हाडाच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. बाजारातलं जुनं दुखणं एकच, वजन कोण करतो आणि कशाकशाचे पैसे कापतो. सव्वाशे वर्षांनंतर मार्केटप्लेसच्या विक्रेत्याचं महिन्याचं विवरण उघडलं की मला तीच पट्टी दिसते. कमिशन, ठरावीक फी, वजनाप्रमाणे भाडं, परत आलेल्या मालाचं भाडं, वर या सगळ्यावर जीएसटी. शिवाय विक्रीवर अर्धा टक्का टीसीएस, म्हणजे मार्केटप्लेसनं आधीच कापून घेतलेला कर. तो १० जुलै २०२४ च्या आधी एक टक्का होता. टीसीएस परत मिळतो, पण विवरणपत्र भरल्यावर.

पट्टीत न दिसणारी सगळ्यात मोठी कपात म्हणजे गिऱ्हाइकाचा नंबर. माल तुमचा, पण विकत घेणारी बाई कोण हे तुम्हाला कळत नाही. पुढच्या दिवाळीला "ताई, यंदा चिरोटेही केलेत" असा निरोप तिला धाडता येत नाही. म्हणून नवख्याला मी सांगतो, मार्केटप्लेसवर जा, पण चार वस्तू घेऊन जा. कोणती वस्तू किती लांबचा माणूस मागवतो, परत किती येतं, एवढं तिथं शिकून घ्या. ती शाळा आहे, घर नाही.

कायद्याचं एक कोडं इथंच सांगून टाकतो, कारण पुष्कळ जण त्यात अडकतात. वस्तूंची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण करपात्र माल परराज्यात पाठवला की, हस्तकलेसारखे काही अपवाद सोडले तर, पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. स्वतःची वेबसाइट काढली आणि पहिलीच ऑर्डर हैदराबादहून आली, तर आनंदाच्या भरात पार्सल करण्याआधी सल्लागाराला फोन करा. मार्केटप्लेसवरून आपल्याच राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीशिवाय, फक्त एक नावनोंदणी क्रमांक घेऊन, विकता येतं. म्हणजे कार्ट निवडताना ती महाराष्ट्राबाहेरचा पिनकोड नाकारू शकते का, हाही प्रश्न असतो. बहुतेकींना ते जमतं, पण मुद्दाम लावून घ्यावं लागतं.

अडत आणि स्वतःची पेढी यांच्यामध्ये आता ओएनडीसी नावाची एक वाटही आहे. केंद्र सरकारच्या पुढाकारानं डिसेंबर २०२१ मध्ये ही ना-नफा कंपनी स्थापन झाली आणि एप्रिल २०२२ मध्ये पाच शहरांत चाचणी सुरू झाली. दुकान एका अॅपवर, गिऱ्हाईक दुसऱ्या अॅपवर, मधला व्यवहार सगळ्यांसाठी सारखा, जसं यूपीआयमध्ये पैसे पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं अॅप वेगळं चालतं. कल्पना मला फार आवडते. पण नुसत्या तिच्या भरवशावर दुकान काढा असं मी आज कुणाला सांगणार नाही. तुमची कार्ट पुढे तिला जोडता येईल का, एवढं विचारून ठेवा.

आता खऱ्या कार्टकडं. दोनच जाती आहेत. भाड्याची आणि घरची.

भाड्याच्या दुकानांत सगळ्यात मोठं नाव शॉपिफायचं. टोबियास ल्युटके या तरुणाला कॅनडातल्या ओटावात २००४ मध्ये बर्फावर घसरण्याच्या फळ्या ऑनलाइन विकायच्या होत्या, हाताशी असलेलं एकही सॉफ्टवेअर पटलं नाही, म्हणून त्यानं स्वतःचं लिहिलं. फळ्या राहिल्या बाजूला, २००६ मध्ये ते सॉफ्टवेअरच विकायला निघालं. दुकानदारानं दुकानदारासाठी बनवलेलं असल्याचं जाणवतं. वापरायला सोपं, फोनवर झटकन उघडणारं, आणि दिवाळीच्या गर्दीत सहसा न कोसळणारं. पण हिशोब करा. साध्या प्लॅनचं भाडं महिना दोन हजारांच्या आसपास, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,३६०. त्यांची स्वतःची पैसे घेण्याची सोय भारतात नाही, म्हणून गेटवे वेगळा. त्याचे साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी. बाहेरचा गेटवे वापरला म्हणून या प्लॅनवर शॉपिफायचे आणखी दोन टक्के. महिन्याला ६०० रुपयांच्या शंभर ऑर्डरी गेल्या तर २,३६० अधिक १,४१६ अधिक १,२००, म्हणजे दर ऑर्डरीमागं पन्नास रुपये. वीसच ऑर्डरी गेल्या तर तोच आकडा १४४ वर जातो. सहाशे रुपयांच्या डब्यात १४४ रुपये कार्टचे! कुरिअर अजून यायचंच आहे.

देशी पर्याय यापेक्षा स्वस्त पडतात. चेन्नईच्या झोहोची कार्ट २०१९ पासून आहे. हिशोबाचं आणि मालसाठ्याचं सॉफ्टवेअर त्याच घरचं असल्यानं जीएसटीच्या बिलांचा त्रास कमी. बंगळुरूचं इन्स्टामोजो पैसे घेण्याच्या लिंकपासून सुरू होऊन दुकानापर्यंत पोहोचलं. दुकान नावाचं अॅप २०२० च्या लॉकडाउनमध्ये आलं आणि फोनवरच्या फोनवर किराण्याची पाटी लावून द्यायला लागलं. त्या दिवसांत गल्लीगल्लीत त्याचं नाव होतं. जुलै २०२३ मध्ये त्याच्या संस्थापकानंच जाहीर केलं की मदतकक्षातली ९० टक्के माणसं कमी करून त्यांच्या जागी चॅटबॉट बसवला आहे. यात चूक-बरोबर काय ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी त्यातून एवढंच घेतलं की कार्ट घेण्याआधी मदतकक्षाला एक प्रश्न विचारून पाहायचा. शनिवारी संध्याकाळी विचारायचा. उत्तर कोण देतं, कोणत्या भाषेत देतं आणि किती वेळानं देतं, यावर निम्मा निकाल लागतो.

भाड्याच्या घरातली सगळ्यात बोलकी कथा मला वाटते ती कार्टरॉकेटची. दिल्लीच्या या कंपनीनं शॉपिफायसारखीच भारतीय दुकानदारांना वेबसाइट बांधून देण्याचा धंदा काढला होता. चालवता चालवता लक्षात आलं की दुकानदारांचं खरं घोडं पेंड खातंय ते पार्सल पोहोचवण्यात. मग त्यांनी वेगवेगळ्या कुरिअरवाल्यांना एका जागी जोडणारी सेवा काढली. तीच इतकी मोठी झाली की आज कंपनी शिपरॉकेट या नावानंच ओळखली जाते, कार्टचं नाव मागं पडलं. कार्ट विकणाऱ्यांनाच जर कळलं की अडचण कार्टची नव्हती, तर आपण काय ते ओळखावं.

घरच्या कार्टांचा इतिहास जुना. जर्मनीत २००० साली ओएसकॉमर्स आलं, फुकट, कुणीही घ्यावं आणि बदलावं असं. मॅजेन्टो २००८ मध्ये आलं, २०१८ मध्ये अडोबीनं विकत घेतलं. त्याची पहिली आवृत्ती जून २०२० मध्ये बंद झाली. म्हणजे नवे सुरक्षा दुरुस्ती-संच येणं थांबलं आणि तिच्यावरच्या दुकानांना भर लॉकडाउनमध्ये घर नव्यानं बांधावं लागलं. फुकट म्हणजे कायमचं नव्हे. लहान दुकानासाठी मॅजेन्टो तसंही नाही. पाव किलो चटणी आणायला ट्रक काढल्यासारखं होतं ते. आपल्याकडच्या पोरांच्या हातात असतं ते वूकॉमर्स, वर्डप्रेसवर चालणारं, २०११ सालचं. २०१५ पासून ते ऑटोमॅटिक कंपनीकडं आहे. सॉफ्टवेअरला पैसे नाहीत, होस्टिंगला वर्षाचे काही हजार, डोमेनला हजाराच्या आसपास. प्रत्येक वस्तूचं वजन आणि लांबी-रुंदी-उंची भरायचे रकाने त्यात मुळातच असतात. आकारमानी वजनाचा हिशोब लावणारी जोडणीही मिळते. काकूंच्या भाच्यानं ते रकाने कोरे सोडले होते, एवढीच चूक.

आणि आता भाचा. अमरावती, बडनेरा, अकोला, शेगाव, या पट्ट्यात अभियांत्रिकीची महाविद्यालयं पुष्कळ. ऑनलाइन शॉपिंगची वेबसाइट हा शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा इतका ठरलेला विषय की परीक्षकांनाही पाठ झाला असावा. त्यामुळं प्रत्येक घरात वूकॉमर्स येणारा एक भाचा असतो. तो हौसेनं, एका रात्रीत, मावशीसाठी देखणी साइट उभी करतो. जूनमध्ये त्याला हिंजवडीत नोकरी लागते. ऑक्टोबरात, धनतेरसच्या आधी आठ दिवस, पैसे घेण्याचं पान कुठल्याशा अपडेटनंतर उघडेनासं होतं. मावशी फोन करते. "मीटिंगमधी हाये मावशी, रात्री करतो." रात्री तो झोपलेला असतो.

यात भाच्याचा दोष नाही. दोष आहे तो घराच्या किल्ल्या कुणाकडं आहेत हे न विचारण्याचा. डोमेन कुणाच्या नावावर, कोणत्या ईमेलवर? होस्टिंगचा पासवर्ड कुणाकडं? रोजची नक्कल कुठं साठते? माझ्या एका पक्षकाराचं डोमेन त्याच्या वेबसाइट बनवणाऱ्याच्या ईमेलवर होतं. तो माणूस दुसऱ्या धंद्यात गेला, नूतनीकरणाची सूचना त्याच्याच डब्यात पडत राहिली, आणि सहा वर्षं पिशव्यांवर छापलेला पत्ता एका सकाळी कुणा परक्याचा झाला. भाड्याची असो की घरची, डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या कार्डनं घ्यावं. दर महिन्याच्या एक तारखेला गिऱ्हाइकांची आणि ऑर्डरींची यादी सीएसव्ही फाइलमध्ये काढून पेन ड्राइव्हवर ठेवावी. जी कार्ट ही यादी काढू देत नाही, तिच्याकडं वळूनही पाहू नये.

कापडाचा मामला वेगळा आहे आणि तो नीट सांगायला हवा, कारण अमरावतीत कापडाचा ठोक बाजार मोठा. नागपूर रस्त्यावरच्या सिटीलँड-बिझीलँडच्या रांगा पाहिल्या की कळतं. तिथून माल उचलून किरकोळ विकणारे कितीतरी जण आता थेट प्रक्षेपणात साडी उलगडतात आणि खाली "बुक" असं लिहून येतं. पैठणीचा किंवा हातमागाचा एकच नग असतो. तो संध्याकाळी सहाला गादीवर विकला गेला आणि सहा वाजून पाच मिनिटांनी वेबसाइटवरही विकला गेला, तर भांडण ठरलेलं. म्हणून साडीवाल्याला देखण्या कार्टपेक्षा दुकानातल्या बिलाच्या सॉफ्टवेअरशी, म्हणजे आपल्याकडं बहुधा टॅलीशी, बोलणारी कार्ट लागते. ती जोडणी लहानसहान अॅपांत मिळत नाही किंवा वेगळे पैसे पडतात. पैसे पडले तरी घ्या. जमत नसेल तर साधा उपाय करा, ऑनलाइनचे नग वेगळ्या कपाटात ठेवा आणि त्या कपाटाला गादीवरचा हात लावू देऊ नका. गांधी रोडवरच्या माझ्या ओळखीच्या एका अकोलेकर दुकानदारानं कपाटाला चक्क कुलूप लावलं आहे. सॉफ्टवेअरला जे जमलं नाही ते गोदरेजनं केलं, असं तो म्हणतो.

कपड्यांत दुसरी मेख कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला ५ टक्के आणि त्यावरच्या नगाला १८ टक्के जीएसटी आहे. साडी हे न शिवलेलं कापड, तिला ५ च. आता समजा २,९९९ रुपयांचा कुर्ता आहे, त्यावर १८ टक्के. दिवाळीला वीस टक्के सूट लावली, किंमत २,३९९ झाली, दर ५ वर आला. बहुतेक कार्टांत कराचा दर वस्तूला चिकटवलेला असतो, किमतीला नाही. सूट लागली तरी कार्ट जुनाच दर लावत बसते, आणि मार्चमध्ये ते सगळं माझ्या टेबलावर येतं. कार्ट दाखवायला येणाऱ्याला हा एक प्रश्न विचारा. तो गप्प झाला तर त्याच्याकडून भारतीय दुकानाच्या हिशोबाची फार अपेक्षा धरू नका.

अकोल्याच्या डाळीचा प्रयोगही मी पाहिला. एमआयडीसीतल्या एका दालमिलवाल्याच्या मुलाला पाच-पाच किलोच्या तुरीच्या थैल्या थेट मुंबईच्या घरांत पोहोचवायच्या होत्या. माल पहिल्या प्रतीचा. पण डाळ म्हणजे कुरडईच्या उलट, जागा कमी आणि वजन फार. आणि मुंबईच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडंही तूर असतेच. भाडं धरलं की भाव वाण्यापेक्षा वर गेला. शॉपिंग कार्ट अर्धवट सोडून जाण्याचं प्रमाण जगभरात सुमारे ७० टक्के असल्याचं डेन्मार्कच्या बेमार्ड संस्थेचे अभ्यास सांगतात. त्यातलं मोठं कारण म्हणजे शेवटच्या पानावर वरून लागणारा खर्च. डाळीच्या दुकानात हेच झालं. त्या पोराचं नंतर जमलं ते गोडंबी, जवस आणि चिखलदऱ्याची कॉफी अशा मालावर, जो थोड्या जागेत मावतो, मोलाचा असतो आणि पुण्या-मुंबईच्या वाण्याकडं सहज मिळत नाही. कार्ट तीच होती. माल बदलला.

भाषेचा प्रश्न कुणी विचारत नाही, पण तो रोज नडतो. गिऱ्हाईक मराठी असलं तरी शोधताना बहुधा रोमन अक्षरांत टाइप करतं, आणि कुणी सांडगेतला मधला स्वर लिहितं, कुणी गाळतं. वस्तूच्या वर्णनात दोन-तीन रोमन रूपं घालून ठेवावीत. देवनागरीत तर आणखी मजा. 'वऱ्हाडी' या शब्दातला अर्धा र संगणकावर दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिला जातो. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. तुम्ही एका तऱ्हेनं 'वऱ्हाडी ठेचा' लिहिलात आणि गिऱ्हाइकानं दुसऱ्या तऱ्हेनं शोधलं, तर ठेचा सापडतच नाही! बिलाच्या पीडीएफमध्ये 'किलो'ची वेलांटी उडी मारून भलत्याच अक्षराला लागते तीही याच घराण्यातली खोड. कार्ट पसंत करण्याआधी एक मराठी बिल छापून पाहा. 'डॉट भारत' हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं, त्यात मराठी पत्ता घेता येतो. हौस म्हणून घ्या, पण पिशवीवर छापायला 'डॉट इन' च बरं, फोनवर सांगता येतं.

बाकी कागदपत्रांचं थोडक्यात. परतावा, पैसे परत करण्याचे नियम, संपर्काचा पत्ता ही पानं नसतील तर गेटवे खातंच उघडून देत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार ऐकणाऱ्या माणसाचं नाव साइटवर हवं, ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निकाल. खाण्याच्या वस्तूवर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर, वजन, किंमत, बनवणाऱ्याचा पत्ता हवाच. ही पानं दुसऱ्याच्या साइटवरून जशीच्या तशी उतरवू नका. एका चटणीच्या दुकानावर "आमच्या सर्व लॅपटॉपवर एक वर्षाची हमी" असं मी स्वतः वाचलं आहे.

पार्सल मिळाल्यावर पैसे देण्याची सोय ठेवावी का, यावर वाद आहेत. आमच्या भागातलं गिऱ्हाईक अजून पैसे हातात ठेवूनच विश्वास ठेवतं, हे खरं. पण दाराला कुलूप दिसलं किंवा पोरानं गंमत म्हणून ऑर्डर केली की पार्सल परत येतं आणि जाण्याचं-येण्याचं दोन्ही भाडं आपलं. खाण्याचा माल असेल तर तो पुन्हा विकताही येत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर असताना संत्रा बर्फी आठ दिवस गोदामात फिरून आली की तिचं काय होतं, ते सांगत नाही. कार्टमध्ये ही सोय पिनकोडप्रमाणे चालू-बंद करता यायला हवी, आणि बर्फीसारख्या वस्तूंपुरती बंदच. धारणी-चिखलदऱ्याच्या आतल्या गावांचे पिनकोड टाकून पाहिल्यावर खासगी कुरिअर हात वर करत असेल तर टपाल खात्याचा पर्याय कार्टमध्ये आहे का, हेही पाहा. अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनेसचा विक्रम झाला, त्याचा आम्हाला अभिमान आहे. कुरिअरची गाडी मात्र अजून दुपारी चारला येते आणि साडेचारच्या पार्सलला उद्यावर टाकते.

काकूंचं काय झालं ते राहिलं. भाच्याला बोलावून आम्ही एका रविवारी सगळ्या वस्तूंची मापं घेतली. सांडगे अर्धा किलोच्या चौकोनी डब्यात बसले, २० बाय १५ बाय १०, म्हणजे सहाशे ग्रॅम. मुंगवड्याही तशाच. जवसाची चटणी तर काट्याच्या पुढं गेलीच नाही. भाच्यानं रकाने भरले, डोमेन काकूंच्या ईमेलवर आणलं, पासवर्ड स्वयंपाकघरातल्या डायरीत लिहिला, गव्हाच्या हिशोबाच्या शेजारी. कुरडयांची पाळी आली तेव्हा काकूंनी त्या चुरून पिशवीत भरता येतील का असा विचार केला, आणि लगेच स्वतःच म्हणाल्या, "नाही बाप्पा, मोडकी कुरडई कोन तळते?"

कुरडई वेबसाइटवरून काढून टाकली. तिची मागणी व्हॉट्सअॅपवर येते, आणि ती अजूनही रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला जाते, क्लीनरच्या पायाशी, खोक्यावर मोबाइल नंबर लिहून.